नाव न घेता

धोंडा माझ्या हातून सुटला तेव्हा खाली मारुती उभा आहे हे मला दिसत होतं. ओरडावं एवढं सुचलंही, पण तोंडातून आवाज निघेपर्यंत धोंडा त्याच्या पायावर पोचलासुद्धा. मारुती एका पायावर अशा उड्या मारायला लागला की उतारावरची सगळी माणसं हातातलं काम टाकून हसत सुटली. त्याची बायको ठकी तर डोक्यावरची पाटी उतरवून खाली बसली आणि पोट धरून हसली. न हसणारी माणसं दोनच. एक मी आणि दुसरे मामंजी.

मामंजी म्हणजे माझे चुलतसासरे, आमच्या भावकीतलं सगळ्यांत वडीलधारं माणूस. ते खाली बांधापाशी उकिडवे बसून दगड बसवत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "एकनाथाच्या बायकोला तिथनं हलवा. पाणी वाहू द्या तिला."

 पाणी वाहायला काही कमीपणा नव्हता, पण पाणी वाहणं पडकईत धरत नाहीत.

हे जरा सांगायला हवं. आमचा उंबरदरा भीमाशंकरच्या मागच्या अंगाला, घाटमाथ्यावर आहे. तिथं सपाट जमीन म्हणजे घराचं अंगण तेवढं. बाकी सगळा उतार. उतारावर नाचणी, वरई होते, पण भात हवा असेल तर उतार फोडायचा, खाली दगडाचा बांध घालायचा, माती ओढून सपाट खाचर करायचं. एका घराला हे जन्मात झेपायचं नाही. म्हणून उन्हाळ्यात सगळी वाडी मिळून पडकई करते. आधी एकाच्या उतारावर सगळ्यांनी राबायचं, ते खाचर झालं की दुसऱ्याच्या. तुम्ही ज्यांच्याकडे राबलात ते तुमच्याकडे राबणार. मजुरी नाही, उधारी नाही. कुणाचं राबणं धरायचं आणि कुणाचं नाही, हे मामंजी सांगत आणि त्यावर कुणी ब्र काढत नसे.

माझा नवरा एकनाथ भोसरीला कंपनीत होता. लग्न होऊन मी भोसरीतच राहिले, आणि जन्मही माझा तिथलाच, त्यामुळे डोंगर मला सणावारापुरता माहीत. एकनाथ काविळीनं गेला. खोलीचं भाडं कुठून भरायचं, म्हणून मी सासूबाईंजवळ, म्हणजे आत्याबाईंजवळ, उंबरदऱ्याला आले. आत्याबाईंच्या नावे घरामागचा एक उतार होता, नुसता कुसळांचा. त्याचं खाचर झालं तर दोघींचं वर्षाचं भागणार होतं. नाही झालं तर माझा भाऊ दिलीप अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येऊन मला घेऊन जाणार होता. त्यानं एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचं काम बघून ठेवलं होतं. भाऊ गुणाचा होता, भावजयही वाईट नव्हती. पण दोन खोल्यांच्या घरात मी झोपायला कुठं अंथरूण टाकणार होते, हे दोघांनीही मला सांगितलं नव्हतं. आणि आत्याबाई काही डोंगर सोडून यायच्या नव्हत्या. म्हातारीला एकटी टाकून जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

तर असं सगळं त्या धोंड्यावर अवलंबून होतं, आणि धोंडा मी मारुतीच्या पायावर टाकला.

त्या दिवसापासून मी कळशी घेऊन झऱ्याला खेपा घालू लागले. दोन-तीन दिवस असे गेले. एरवी पडकईत गाणं असायचं म्हणे. भिकाबा नावाचे म्हातारे डफ घेऊन उंचवट्यावर उभे राहत, गाणं सांगत, बाकीचे ते झेलत आणि त्या तालावर टिकाव पडत. भिकाबांना टिकावाला हात लावावा लागत नसे, तरी त्यांचं राबणं पुरं धरलं जाई. त्या साली त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि लेक त्यांना मंचरला घेऊन गेली. गाणं नाही म्हणून काम रेंगाळत होतं. दुपार झाली की एकेक टिकाव असा पडायचा की वाटावं, जांभई देतोय.

अशाच एका दुपारी मी ठकीच्या ओंजळीत पाणी ओतत होते. वर मारुती लंगडत लंगडत पहार चालवत होता. मला वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं. एकनाथ गेल्यापासून मी कामापुरतंच बोलत असे. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, तोंडातून आपोआप निघालं:

"धोंडा निसटला माझा, पडला मारुतीच्या पायी,
मारुती लागला नाचू, गावात लगीन न्हाई."

ठकीच्या तोंडातलं पाणी फुर्रकन बाहेर आलं. ती म्हणाली, "परत म्हण." मी म्हटलं. मग तिनं खणखणीत आवाजात तेच उतारभर ऐकवलं. खालून कुणीतरी ते झेललं, वरून कुणीतरी. मारुती स्वतः "गावात लगीन न्हाई" म्हणत पहार घालू लागला, आणि बघता बघता दहा-पंधरा टिकाव एका ठेक्यात पडायला लागले. गणपत तेवढा जांभळीखाली लोळत होता. ठकी मला कोपरानं ढोसत म्हणाली, "आता ह्याचं."

मी कळशी खाली ठेवली.

"गणपत बसला सावलीला, म्हणतो येतो आत्ता,
सावली गेली डोंगराआड, गणपतचा न्हाई पत्ता."

गणपत शरमून उठला. संध्याकाळपर्यंत तो असा राबला की त्याची आई मला दुवा द्यायला आली.

मी शाळेत कविता पाठ करत असे, पण स्वतः जुळवलेली ही पहिलीच. त्या संध्याकाळी घरी जाताना पाय जमिनीवर नव्हते. चुलीपुढं बसले तरी डोक्यात शब्दाला शब्द लागत होता. तव्यावरची भाकरी करपली तर करपण्याला जोडी शोधत बसले. एकनाथ गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, हे मी सरळच सांगते.

आत्याबाईंना मात्र हे पसंत नव्हतं. नवरा गेलेल्या बाईनं चार गडीमाणसांत उभं राहून गाणं सांगावं, हे त्यांच्या डोक्यात बसेना. त्या माझ्याशी एक दिवस बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाचणी पाखडता पाखडता त्या सुपाकडं बघूनच म्हणाल्या, "त्या गणपतचं कुत्रं बघितलंस का? टिकाव पडला की कान हालवतंय." मी म्हटलं, बघितलं. "मग त्याचं का नाय करत?" म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या घरी जेवण कमी आणि यमकं जास्त शिजू लागली. कोण कुणावर रुसलंय, कुणाची भाकर कुणी खाल्ली, कुणाचा नवरा डोळा चुकवून विडी ओढतो, या सगळ्या बातम्या आत्याबाईंकडे असत. मी फक्त त्या ठेक्यात बसवत असे.

"गणपतच्या कुत्र्याला धन्यापरीस मान,
टिकावाच्या तालावर हलवतंय कान."

हे गाणं शेजारच्या वाडीपर्यंत गेलं. माणसं कामाला वेळेआधी यायला लागली. आज आपलं नाव येतंय का, याकडे सगळ्यांचे कान. एकदा ठकीची जाऊ पाटी टाकून माझ्याकडे आली आणि म्हणाली, तिचं चार दिवसांत काहीच आलं नाही, तिनं काय घोडं मारलंय. चेष्टा का होईना पण गाण्यात आपण असावं, असं प्रत्येकाला वाटे. मी कुणालाही सोडलं नाही. मारुती, गणपत हे माझे दीर, त्यांच्या बायका, पलीकडच्या भावकीतले म्हातारे, सगळ्यांना एकेक ओळ मिळाली. मारुतीचं खाचर ठरल्यापेक्षा लवकर झालं आणि काम गणपतच्या उतारावर आलं.

गणपतनंच मग विषय काढला. दुपारच्या भाकरीला सगळे बसले असताना तो मामंजींना म्हणाला की भिकाबाचं गाणं धरत होतो, मग हिचं का धरू नये? ठकी म्हणाली, बरोबर आहे. मारुती म्हणाला, ती धोंडे उचलत नाही तेच आपल्या भल्याचं आहे. सगळे हसले.  मामंजींनी मिरची मोडली, भाकरीला लावली, घास खाल्ला, आणि म्हणाले, "बघू."

हे "बघू" घेऊन मी दिवस काढू लागले. गणपतनंतर पाळी कुणाची हे त्यावर ठरणार होतं. आणि अखिती जवळ येत चालली होती.

पण मामंजींचं काहीतरी बिनसलं होतं. ते आधीच कमी बोलणारे, आता तर बोलले की डसायचे. गाणं सुरू झालं की ते दगडावर हातोडा जोरात आपटत. मी गाणं सांगत असताना दोनदा उगाच खोकले. एकदा त्यांनी केवढा तरी मोठा, वेडावाकडा दगड एकट्यानं फिरवून कोपऱ्याला असा बसवला की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. बसवून झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, पदर ढळलाय की काय. मी पदर डोक्यावर ओढला आणि गणपतच्या आईवरचं गाणं पुढं चालू केलं. मामंजींनी हातोडा खाली टाकला.

"मला उद्यापास्नं बोलावू नका," ते म्हणाले आणि ओहोळ उतरून पलीकडं आपल्या घराकडं निघून गेले.

उतारावर कुणी हलेना. गणपतचा बांध अर्धा उभा होता, अर्धा नुसता आखलेला. अख्ख्या उंबरदऱ्यात बांध घालावा तर मामंजींनी. दुसऱ्या कुणी घातलेला बांध पहिल्या पावसाळ्यातच पोट फुगवून बसे आणि दुसऱ्यात आडवा होई. गणपतनं डोक्याला हात लावला. सगळ्यांची नजर फिरून माझ्यावर आली. मलाही दुसरं काही वाटेना. सुनेनं, तेही नवरा गेलेल्या सुनेनं, सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहून गडीमाणसांची टिंगल गावी, हे त्यांना पटलं नसणार. इतके दिवस सहन केलं आणि आज तोल गेला.

मी गाणं बंद केलं. दोन दिवस गणपतच्या उतारावर नुसती माती ओढली गेली. बांध पुढं न्यायला कुणी धजेना. टिकाव पुन्हा जांभया द्यायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, चल, पायांवर डोकं ठेवू. वडील माणूस आहे, विरघळेल.

आम्ही नारळ घेऊन गेलो. मामंजी ओटीवर दोरी वळत बसले होते. मी डोक्यावरून पदर घेतला, नारळ पुढं ठेवला, पाया पडले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "चुकलं माझं, मामंजी. पुन्हा गाणार नाही."

दोरी वळणारे हात थांबले. मला वाटलं, आता आशीर्वाद मिळेल.

"गाऊ नको म्हून कोण म्हनलं?" ते एकदम तडकले. "कोण म्हनलं, सांग की. मी म्हनलो?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग? नारळ घेऊन जा तो."

आणि त्यांनी माझ्याकडं पाठ केली. मी रडायच्या बेताला आले होते. आत्याबाईंनी मला दंडाला धरून मागच्या दारी नेलं. तिथं थोरल्या आत्या, म्हणजे मामंजींची बायको, भांडी घासत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, बिचारी घाबरून रडतेय. जवळ जाऊन बघते तर म्हातारी तोंडात पदर कोंबून हसत होती.

"अगं येडे," त्या कुजबुजल्या, "गावातल्या कुत्र्याचंबी नाव आलं गाण्यात. ह्यांचं आलं का?"



मग त्यांनी सगळं सांगितलं. मामंजी रोज संध्याकाळी घरी येत, पाय धुवत आणि म्हणत, आजबी नाय आलं. रोज बांधाला एखादा दगड असा बसवत की बघणाऱ्यानं बघावं, आणि मग खोकत. त्या दिवशीचा तो थोरला कोपऱ्याचा दगड तर केवळ माझ्यासाठी होता. मी काय केलं, तर पदर सावरून गणपतच्या आईचं गाणं गायले.

"आवं, पण त्यांचं नाव मी कसं घेऊ?" मी म्हटलं.

कारण खरी अडचण तीच होती. आमच्याकडं सून सासऱ्याचं नाव घेत नाही. हाक मारायची गोष्टच नाही, दुसऱ्याला सांगतानासुद्धा घेत नाही. उंबरदऱ्यात मी गाण्यात घेऊ शकणार नाही असं नाव एकच होतं, ते त्यांचं. सगळ्यांच्या ओळी जुळवताना त्यांना वगळलंय हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ते नाव माझ्या तोंडात येण्यासारखंच नव्हतं.

"तेच मी ह्यान्ला सांगितलं," थोरल्या आत्या म्हणाल्या. "म्हनलं, सून हाय ती, नाव कशी घेईल? तर म्हनले, घेतलं आसतं तर मीच तिला हाकलून दिली आसती. रीत म्हंजी रीत. मी म्हनलं, मग रुसलाय कशापायी? तर जेवलंच नाय त्या रातीला."

म्हणजे नाव घ्यावं तर हाकलतील, आणि न घ्यावं तर बांध होणार नाही. आम्ही दोघी घराकडं निघालो. पुढच्या वळणावर आत्याबाईंना हसू फुटलं, मग मलाही. हसता हसता दोघी वाटेतच एका दगडावर बसलो.

संध्याकाळभर आम्ही खटपट केली. गंमत अशी की ते आत्याबाईंचे थोरले दीर, त्यामुळं त्यांनाही ते नाव घेता येत नव्हतं. घरात दोघी बाया, दोघी गाणं जुळवतायत, आणि ज्याच्यावर गाणं त्याचं नाव एकीलाही उच्चारता येत नाही. मामंजी म्हणावं तर गावात मामंजी शंभर. बांधवाले म्हणावं तर कुणाही गवंड्याला म्हटल्यासारखं. एकही ओळ उभी राहीना. शेवटी आत्याबाई वैतागून म्हणाल्या, "मला नाय घ्येता येत, तुला नाय घ्येता येत. बाकीच्यांच्या तोंडाला काय कुलूप हाय?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मग उठून त्यांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्यांना काही कळलं नाही.

सकाळी मी गणपतच्या उतारावर सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिले. समोर ओहोळ, आणि ओहोळापलीकडे मामंजींचं घर. ओटीवर ते बसलेले दिसत होते, दोरीच वळत होते. मी ठकीला आणि मारुतीला बाजूला घेऊन काय करायचं ते सांगितलं. त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. टिकाव सुरू झाले.  भोसरीची गाडी की घरामागचं खाचर, हे आता ठरणार होतं. मी घसा साफ केला आणि ओहोळाकडं तोंड करून सुरू केलं:

"चार पावसाळं आलं, आलं तसं दमलं,
बांधापुढं येऊन पाणी हात जोडून नमलं,
सांगा, बांध कुणाचा?"

आणि सगळ्या उतारानं एका दमात मामंजींचं नाव घेतलं. चाळीसेक माणसं असतील. ते नाव समोरच्या कड्यावर जाऊन आदळलं आणि परत आलं. मी ते कागदावर आजही लिहीत नाही, पण त्या सकाळी ते डोंगरानं दोनदा घेतलं.

ओटीवरची दोरी थांबली. एवढंच. ते उठले नाहीत.

"धोंडा लई अडेलतट्टू, कुणाला न्हाई भ्याला,
एक हात फिरला वरून, गुमान जागी ग्येला,
सांगा, हात कुणाचा?"

पुन्हा नाव. या खेपेला गणपतची आईसुद्धा ओरडली. मामंजी उठून अंगणाच्या कडेला आले होते. पण येईनात. कमरेवर हात ठेवून नुसते उभे. मला कळून चुकलं की कौतुकानं हा माणूस हलायचा नाही. बाकीच्यांची मी चेष्टा केली होती आणि यांना तेवढी गोड गोड ओळ, म्हणजे पुन्हा पंगतीबाहेरच की. मी डोळे मिटले आणि जे सुचलं ते म्हणून टाकलं:

"बोलणं करवंदीचा काटा, हसणं लई महाग,
म्हस रुसली तर पेंड चारावी, ह्यो कसा जावा राग?
सांगा, राग कुणाचा?"

आणि कुणीच ओरडलं नाही. टिकाव वरच्या वर राहिले. ठकीनं जीभ चावली. मारुतीनं माझ्याकडं असं बघितलं की आता तू मेलीस. बांधाच्या कौतुकाला नाव घ्यायला सगळे तयार होते, पण म्हशीच्या जोडीला ते नाव घ्यायची छाती कुणाची होणार?  सगळं मुसळ केरात गेलं असं वाटलं.

तेवढ्यात ओहोळापलीकडून आवाज आला.

"माझा."

मामंजी होते. त्यांच्या मागं दारात थोरल्या आत्या पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या होत्या. इकडं उतारावर जो हशा उसळला तो आवरेना. मारुती पहारीला धरून खाली बसला. मामंजी आत गेले, हातोडा घेऊन बाहेर आले, आणि अगदी सावकाश, जणू रोजच्याच वेळेला निघालेत, अशा चालीनं ओहोळ उतरून आले. माझ्याकडं ढुंकूनही न बघता बांधापाशी गेले. उकिडवे बसले. कुणीतरी त्यांच्या माघारी चाचपडत लावून ठेवलेला एक दगड त्यांनी उपटून फेकून दिला आणि विचारलं, "ह्यो कुण्या गाढवानं लावला?" गणपत म्हणाला, "मीच." मामंजी म्हणाले, "वाटलंच." आणि काम सुरू झालं.

गणपतचा बांध पुरा झाल्यावर सगळे टिकाव झटकत होते. आता कुणाकडं, असं मारुतीनं विचारलं. मामंजींनी हातोड्यानं आमच्या घरामागचा उतार दाखवला. मारुती भाबडेपणानं म्हणाला, "म्हंजी हिची पाळी धरायची?"

"मग काय," मामंजी म्हणाले, "फुकट घसा फोडून घेतला व्हय तिनं?"

मी तिथून तडक झऱ्यावर गेले आणि पाण्यात तोंड घालून पोटभर रडले. आनंदानं रडतात हे मी ऐकून होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं.

आमच्या उतारावर काम चालू असताना अखिती आली आणि दिलीपही आला. इस्त्रीची पॅन्ट, हातात मला न्यायला रिकामी बॅग. तो घरी पोचला तेव्हा आत्याबाईंनी त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही. त्याच्या हातातली बॅग खुंटीला अडकवली, घमेलं हातात दिलं आणि म्हणाल्या, "पाव्हणं, च्या मागनं. आधी ही माती तिकडं वढा."

ज्याचं खाचर त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं अशी पडकईची रीत. त्यामुळं मी चुलीशी अडकले होते. नाचणीच्या भाकरींचा ढीग करायचा होता, वर कुळथाचं पिठलं. घरामागून टिकावांचे आवाज येत होते, पण विस्कळीत, एक इथं, एक तिथं. गाणारी चुलीपुढं म्हटल्यावर आज गाणं कुठलं? मला चुटपुट लागली. आपल्याच खाचराला आपलं गाणं नाही.

मग एकाएकी बाहेर शांत झालं, आणि एक आवाज ऐकू आला. घोगरा, बेसूर, कोरड्या रहाटासारखा. मी पिठाचे हात तसेच घेऊन मागच्या दारात आले. मामंजी माझ्या जागेवर, उंचवट्यावर उभे होते. हातोडा डफासारखा धरला होता. ते गाणं सांगत होते:

"भोसरीवरनं आली, हिच्या हाती धोंडा ठरंना,
तोंड उघडलं आन् आता डोंगर दुपारचा झोपंना,
सांगा, खाचर कुणाचं?"

एकनाथाच्या बायकोचं म्हणतील, सोनाकाकूंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, सुनेचं म्हणतील, असं मला वाटलं. त्या घरात मला तेवढीच दोन नावं होती.

"अनसाचं," सगळा डोंगर म्हणाला.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. कड्यावरून माझं नाव परत आलं तेव्हा मामंजींनी हातोडा पुन्हा उचलला आणि तीच ओळ पुन्हा विचारली, कारण त्यांना ती एकच येत होती. आणि दुसऱ्या वेळी सगळ्यांच्या वर जो आवाज ऐकू आला तो दिलीपचा होता. इस्त्रीची पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर मातीचं घमेलं, आणि मला न्यायला आलेला माझा भाऊ मान वर करून ओरडत होता, "अनसाचं."